शेवटचा चिंचोका

कोरीटच्या विठ्ठल मंदिरात हरिनाम सप्ताह बसला की काल्याचं कीर्तन मोतीलालसरांचं, हे अकरा वर्षं ठरलेलं होतं. कुणी ठरवायला बसत नव्हतं इतकं ठरलेलं. सहा दिवस बाहेरगावचे महाराज येत, गाजवून जात. पण सातव्या दिवशी सकाळी दहीहंडीच्या दोरीखाली उभं राहायचं ते आपल्या सरांनीच. रोज कॉलेजात अकरावीला रसायनशास्त्र शिकवणारा माणूस त्या दिवशी धोतर नेसून, गळ्यात उपरणं टाकून उभा राहिला की गावाला कौतुक वाटे, आणि खरं सांगायचं तर सरांना स्वतःलाच जास्त वाटे.

यंदा पत्रिका छापून आली. सरांनी ती खालून वर वाचायला घेतली, कारण आपलं नाव खाली असतं हे त्यांना ठाऊक होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : काल्याचे कीर्तन, ह.भ.प. हेमांगीताई गोपाल पाटील, सुरत.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळ तीच होती.

संध्याकाळी गोपाल स्वतः आला. सप्ताह समितीचा अध्यक्ष तो, सरांचा चुलतभाऊ तो, आणि हेमांगीचा बापही तोच. ओट्यावर टेकत म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. पोर सुरतथून येई ऱ्हायनी, लोकेस्नी इच्छा शे. तुम्ही मांगे टाळ धरीसन उभा ऱ्हावा. तुम्ही दिसनात का तिले धीर येई."

"हो, हो," सर हसून म्हणाले. "माझीच विद्यार्थिनी ती. मला आनंदच आहे."

सर मनात खवळले की शुद्ध बोलत. गोपालला ते ठाऊक होतं. तो चहाला न थांबता उठला.

हेमांगी सरांच्याच वर्गात शिकली होती. पुढे सुरतला गेली आणि एका मोठ्या दवाखान्यात कामाला लागली. किरणोत्सारी औषधं देतात तो तिचा विभाग. आठवडाभर ती नोकरी, आणि रविवारी सुरतेतल्या खान्देशी वस्त्यांमधून कीर्तन. तिची कीर्तनं गावातल्या बाया मोबाइलवर लावून भाकरी थापत. सरांच्या स्वयंपाकघरातही तिचा आवाज यायचा. तो आला की सर रेडिओ मोठा करत.

एवढंच असतं तर चाललं असतं. माणसाच्या मनात असली कळ उठते, नामस्मरण करता करता विरूनही जाते. पण सरांच्या घरात दुसरं एक दुखणं बसलेलं होतं, आणि ही कळ जाऊन नेमकी त्या दुखण्यावर बसली.

शांतीबाईंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, गळ्यातली थायरॉइडची गाठ वाढली होती. सहा महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. दूध ओतताना हात असा थरथरे की निम्मं ओट्यावर. बसल्या जागी छाती इतकी धडधडे की त्या पदर गच्च धरून बसत. आधीच्या गोळ्या अंगाला मानवल्या नाहीत, सर्वांगावर पुरळ उठलं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, "सुरतला जा. किरणोत्सारी आयोडीनची एक गोळी घ्यायची, बस. उशीर करू नका, हृदयावर ताण येतोय."

आता गंमत पाहा. अठ्ठावीस वर्षं किरणोत्सारिता शिकवलेला माणूस घरात. कोणत्या अणूचं केंद्रक अस्थिर असतं, त्यातून अल्फा काय नि बीटा काय बाहेर पडतं, गॅमा किरण कुठवर जातात, सगळं तोंडपाठ. त्या दिवशी घरी येताच सरांनी बायकोला समोर बसवलं आणि घसा खाकरून धडा सुरू केला. "हे बघ, आयोडीन एकशे एकतीस. याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं."

शांतीबाईंनी गळ्याला हात लावला. "अर्धं आयुष्य?"

"अर्धायुष्य. म्हणजे आठ दिवसांत मूळच्या अणूंपैकी निम्म्या अणूंचा ऱ्हास होतो."

"आनि मंग?"

"मग पुढच्या आठ दिवसांत उरलेल्यांच्या निम्म्यांचा."

शेजारची भिकुबाई विरजण मागायला आली होती, ती दारातच थबकली. "आवं माय! आठ दिनमा अर्धं, आनि आठ दिनमा उरेल अर्धं. म्हंजे सोळा दिनमा काहीच नही! मोतीलालभाऊ, मंग तेराव्वानी तयारी करो का?"

"भिकुबाई, तसं नाही! सोळा दिवसांत पाव उरतं. पाव!"

"पाव उरस," भिकुबाई शांतीबाईंकडे डोळे मोठे करून म्हणाली. "पाव आयुष्यनं काय करी मानूस?"

झालं. सरांनी फळ्यासारखी भिंत वापरली, वही वापरली, आलेख काढला. जितकं शिकवावं तितकी बायको मागे सरकली. दोन महिने झाले तरी तिचं उत्तर एकच. "मी ती गोळी लेवाव नही. मन्हं आयुष्य अर्धं व्हई जाई. तुम्हनाच तोंडनं सांगेल शे तुम्ही."

आणि हे दोन महिने गोपाल भेटेल तिथं सांगत होता, "भाऊ, हेमांगीले इचारा ना. तोच तिन्हा विभाग शे. ती वहिनीले समजाडी सांगी." सर दर वेळी मान हलवत. फोन काही करत नव्हते. घरातही त्यांनी सांगितलं नाही की ज्या दवाखान्याची चिठ्ठी कपाटात आहे, तिथं ती गोळी हेमांगीच देते. 'मी शिकवलेल्या पोरीनं येऊन माझ्या बायकोला माझाच धडा शिकवायचा?' रोज सकाळी देवापुढं हात जोडताना हा प्रश्न मध्ये येऊन उभा राही, आणि सर डोळे मिटून त्याला वळसा घालून जात. पलीकडे न्हाणीघरात शांतीबाई भिंतीला धरून उभ्या असत, धडधड थांबण्याची वाट पाहत.

काल्याचा दिवस उजाडला. मांडव गच्च भरला. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. वर हंडी, खाली रांगोळी, कोपऱ्यात काल्यासाठी ज्वारीच्या लाह्यांची परात. दहाच्या सुमारास हेमांगी आली. साधी नऊवारी, कपाळाला बुक्का, हातात चिपळ्या. आधी येऊन सरांच्या पायाला हात लावला.

"यशस्वी हो," सर म्हणाले. तोंडानं म्हणाले.

गजर सुरू झाला आणि मृदंगावर थाप पडली. सर टाळकऱ्यांच्या रांगेत उभे होते, पण कान सारे तिच्या चुकांवर. ताल चुकेल. चाल चुकेल. नाही तर प्रमाण म्हणताना चरण तरी गाळेल. पोरीचं काही चुकेना. आवाज वर गेला तो मांडवाच्या कापडाला जाऊन भिडला आणि तिथंच काही वेळ राहिला. गेल्या वर्षी ह्याच मांडवात, ह्याच अभंगाला, सरांचा आवाज त्या जागी फुटला होता. कुणाच्या लक्षात नव्हतं. सरांच्या होतं.

मग हेमांगीनं कंबरेची पिशवी सोडली. "मायबाप, काल्यामा सगळं एक व्हई जास. पन काही गोष्टी अश्या शेत, त्या एक व्हत नहीत, निम्म्या व्हतीस. ते कसं, आज तुम्हले दाखाडस." आणि तिनं ताटात ओतले ते चिंचोके. एका अंगानं दगडावर घासून पांढरे केलेले, दुसऱ्या अंगानं तपकिरी. अष्टाचम्मा खेळायला घरोघरी करतात तसे. बरोबर शंभर.

सरांच्या हातातले टाळ एक मात्रा चुकले.

हे चिंचोके त्यांचे होते! म्हणजे हेच नव्हेत. पण ही युक्ती त्यांची. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पायरीवर बसून पहिले शंभर चिंचोके त्यांनी घासले होते, बोटांची कातडी जाईपर्यंत. दर वर्षी अकरावीच्या वर्गात टाकत. पांढरा पडला तो अणू फुटला, बाजूला काढा. तपकिरी पडला तो अजून शिल्लक. आणि ही पोर भर मांडवात ते आपलेच असल्यासारखे ओतते! मागे उभा माणूस हिला दिसतही नसेल?

हेमांगी ताट घेऊन बायांच्या बाजूला गेली आणि ते नेमकं शांतीबाईंच्या मांडीवर ठेवलं. मुद्दाम नव्हे, पहिल्या रांगेत त्या होत्या. "काकू, फेका."

थरथरत्या हातांनी शांतीबाईंनी फेकले. बायांनी पांढरे वेचले, मोजले. त्रेपन्न. उरले सत्तेचाळीस.

"समजा, हाई शंभर मानसं शेत," हेमांगी म्हणाली. "देवना हुकूम व्हयना का, निम्मा उठीसन घर चालना गयात. कोन उठी? हाई कोनलेच ठाऊक नही. पाटील उठी का गडी उठी, सांगता येवाव नही. पन निम्मा उठतीन, हाई मातर पक्कं. आते उरेल फेका."

पंचवीस उरले. मग अकरा. मग सहा. बाया हसू लागल्या, पुरुष माना उंच करून पाहू लागले. मृदंगवाला प्रत्येक फेकीला एक थाप देऊ लागला.

"एक औषध असंच शे," हेमांगी पुढे म्हणाली. "गळामा गाठ व्हयनी तं देतस. गळानी ग्रंथी आयोडीनले भुकेली ऱ्हास, ती त्याले धरी लेस. तठे बसीसन त्याना एकेक अनु फुटस, आनि खराब भाग जाळी टाकस. आठ दिनमा निम्मं औषध गयं. आखो आठ दिनमा उरेलमाईन निम्मं. आनि फुटीसन काय व्हस? आयोडीन एक कन सोडस आनि झेनॉन व्हई जास. झेनॉन असा वायू शे, कोनसंगे भांडस नही, कोनले चिकटस नही. साधू व्हई जास तो!" मांडवात हशा पिकला. ती थांबली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आनि ध्यानमा ठेवा, माय. हाई निम्मं तुम्हनं आयुष्य नही. हाई निम्मं त्या औषधनं शे. ते मरी ऱ्हायनं, तुम्ही जगी ऱ्हायन्यात."

सरांनी शांतीबाईंकडे पाहिलं. त्यांचा हात गळ्यावर होता, पण भीतीनं नव्हता. लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा होता. "औषधनं?" त्या भिकुबाईला म्हणाल्या. "औषधनं आयुष्य अर्धं व्हस वं!"

दोन महिने. भिंत, वही, आलेख. आणि ही पोर चार वाक्यांत. तीही घरच्या अहिराणी बोलीत, जी सर वर्गात तर नाहीच, पण शिकवायचं म्हटलं की घरातही बोलत नसत. अर्धायुष्य हा शब्द तिनं उच्चारलासुद्धा नाही. सरांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, पण त्याच्या वर तव्यावरच्या थेंबासारखं काही चर्रर्र झालं आणि दुसरं काही ऐकू येईना.

फेकता फेकता ताटात आता एकच चिंचोका उरला होता. शांतीबाईंनी फेकला. तपकिरी. पुन्हा फेकला. तपकिरी. तिसऱ्यांदा. तपकिरी. बायांचं हसू मावळलं.

"हाऊ पांढरा काबर पडत नही?" शांतीबाईंनी विचारलं.

हेमांगी हसली. "काकू, इतला येळ थांबेल शे, आते पुढली येळले नक्कीच पडी."

आणि सरांच्या अंगावर काटा आला. चूक! सापडली. गेला तासभर ज्याची वाट पाहिली ती ही, आणि साधीसुधी नव्हे, मुळातच चूक. किती वेळ थांबला यावरून अणू कधी फुटेल ते ठरत नसतं. एवढं पोरीला कळू नये? सरांच्या तोंडाला अगदी गोड चव आली. पांडुरंगाच्या समोर उभं राहून आली, तरी आली.

शांतीबाईंनी फेकला. तपकिरी.

"परत," हेमांगी म्हणाली. आता तिच्या कपाळावर घाम होता.

तपकिरी.

मृदंगवाल्याचा हात वरच राहिला. शांतीबाईंनी तो चिंचोका उचलला, तळहातावर घेतला, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. "हाऊ जावाव नही," त्या पुटपुटल्या. "मन्हा नशीबमा हाऊ शे. हाऊच मन्हा गळामा बसी ऱ्हाई." ताट मांडीवरून घसरलं.

हेमांगीनं वळून पाहिलं. सरळ सरांकडे. अकरावीत, फळ्यापुढं गणित अडलं की पाहायची, तशीच.

आता सरांनी काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. कीर्तन पडलं असतं, पोर घरी गेली असती, पुढल्या वर्षी पत्रिकेची शेवटची ओळ पुन्हा जागेवर आली असती. सरांना ते सगळं एका क्षणात दिसलं. आणि त्याच क्षणी दुसरंही एक आठवलं. वर्गात दर वर्षी चिंचोके फेकता फेकता दोन-तीन उरेपर्यंत तासाची घंटा व्हायची. सर म्हणत, 'बाकीचं तुम्हाला कळलंच,' आणि डबा बंद करत. अठ्ठावीस वर्षांत शेवटच्या चिंचोक्याचं काय होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. हेमांगीलाही नाही.

त्यांनी टाळ गळ्यातून काढले आणि रांगेबाहेर आले.

"शांते," ते म्हणाले.

बायांमध्ये खसखस पिकली. तीस वर्षांत सरांनी चारचौघांत बायकोला नावानं हाक मारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"शांते, त्या चिंचोकाले मांगलं काहीच ध्यानमा ऱ्हास नही. तो पाच येळा पडना नही, हाई तुले ठाऊक शे, मले ठाऊक शे, त्याले ठाऊक नही. त्याना साठे दर येळ पयलीच येळ शे. हजार वरीस बसेल अनु आनि काल जन्मेल अनु, दोन्ही सारखाच. तो म्हातारा व्हस नही, तो हट्टी बी नही. आते पडी, नही तं मंग पडी." सर बायांच्या रांगेपाशी येऊन थांबले. "पन शंभरमाईन नव्व्यान्नव गयात ना? तुन्हाच हातनं गयात. हाऊ एकला उरना, त्याना काय धाक? आनि पोरनं सांगं ते खरं शे. हाई औषधनंच आयुष्य शे, तुन्हं नही."

शांतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हेमांगीकडे, मग हातातल्या चिंचोक्याकडे. तो त्यांनी फेकला नाही. पदराच्या टोकाला बांधला.

"मंग मी गोळी लेसू," त्या म्हणाल्या. "पन ही पोर संगे पाहिजे."

हेमांगीनं चिपळ्या उचलल्या, मृदंगवाल्याचा हात खाली आला, आणि विठ्ठलनामाचा असा गजर उठला की वरची हंडी दोरीवर हलू लागली. सरही गजरात होते. टाळ मात्र जमिनीवर पडलेले होते, म्हणून त्यांनी टाळ्याच वाजवल्या.

काला वाटताना हेमांगी जवळ आली. "सर, ते 'नक्कीच पडी' तोंडमा येई गयं. काकूले बरं वाटो म्हनीसन." मग शांतीबाईंकडे वळून म्हणाली, "काकू, आमनाच दवाखानामा या. ती गोळी मीच देस."

"तुन्हाच दवाखाना?" शांतीबाईंनी विचारलं.

"आवं वहिनी, मी भाऊले दोन महिनापासून सांगी ऱ्हायनू!" गोपाल लाह्या चघळत म्हणाला, आणि सरांचं तोंड पाहून चघळायचा थांबला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, चहाची कपबशी पुढे ठेवून शांतीबाई म्हणाल्या, "दोन महिना."

सर खाली पाहत राहिले. "हां."

"मन्हा जीव धडधडी ऱ्हायना व्हता," त्या म्हणाल्या, "आनि तुम्हना पोटमा दुखी ऱ्हायनं व्हतं."

सरांनी चहा गार होऊ दिला.

आयोडीनचं मीठ दोन आठवडे बंद केलं, तपासण्या झाल्या, आणि गोपालच्या गाडीतून सुरत गाठली. हेमांगीनं शिशाच्या जाड डबीतून लांब चिमट्यानं गोळी काढली. शांतीबाईंनी पाण्याबरोबर गिळली आणि म्हणाल्या, "इतलीशी? मी तं ऊखळ येवढी समजेल व्हती." काचेपलीकडून दोघी हसताना सरांना दिसल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, आणि ते ऐकू आलं नाही याचंही त्यांना वाईट वाटलं.

काही दिवस अंगातून किरण बाहेर पडतात, म्हणून घरी आल्यावर शांतीबाईंना मागची खोली दिली. भांडी वेगळी, अंथरूण वेगळं. सून दामिनी पोटुशी होती, ती महिनाभर रनाळ्याला माहेरी गेली. सर ताट उंबऱ्यावर ठेवत आणि चार पावलं मागं जाऊन बसत. रोज सकाळी आतून आवाज येई, टक्. शांतीबाई पदराची गाठ सोडून तो चिंचोका फरशीवर टाकत. मग म्हणत, "नही पडना." आणि परत बांधत.

आठव्या दिवशी संध्याकाळी हेमांगीचा फोन आला. शांतीबाई स्पीकर लावून अर्धा तास बोलल्या. नवी चाल कशी बसवली ते पोरीनं गाऊन दाखवलं. उंबऱ्याबाहेर बसलेल्या सरांच्या छातीत ती ओळखीची कळ उठली. ते त्या कळेकडे लक्ष देऊन पाहत राहिले, प्रयोगशाळेत काट्याकडे पाहावं तसं.

फोन ठेवून शांतीबाईंनी विचारलं, "आज आठ दिन व्हयनात. निम्मं गयं ना?"

"गयं. आनि थोडं लघवीवाटे बी गयं, म्हनीसन निम्माथून जास्तीच."

"आनि तुम्हनं?"

सरांनी विचार केला. खोटं बोलावंसं वाटलं, पण समोर तीच बसली होती.

"निम्मं," ते म्हणाले.

शांतीबाई हसल्या. पदराची गाठ सोडली आणि चिंचोका फेकला. तो फरशीवरून घरंगळत उंबऱ्याशी आला, दोघांच्या मधोमध डुगडुगला, आणि बसला. तपकिरी.

सर उचलायला वाकले.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मंग पडी."